म्हादू मिस्त्रींच्या हाताला काय लागलं

म्हादू मिस्त्री पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले आणि चहा न पिताच गेले. त्यांना राग आला नव्हता की घाई नव्हती. आमचं दार आडवं आलं.

मी तेव्हा पंचविशीतला, श्रीवर्धनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकता लागलेला. लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. सुपारीच्या एका वाडीच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मिस्त्री आले, त्यांनी दार ढकललं आणि तिथेच थांबले. दार मागे ओढलं. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ढकललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, हे वरच्या अंगाला टेकतंय."

"असेल. या, बसा."

ते बसले नाहीत. छत्री भिंतीला लावून ठेवली, दार बिजागरीतून उचललं, अंगणात आडवं घातलं, कोटाच्या आतल्या खिशातून कानस काढली आणि लहान मुलाचं जावळ काढावं इतक्या हळुवारपणे दाराच्या डोक्यावरून फिरवायला लागले. अर्ध्या तासाने दार जागेवर बसलं. एका बोटाने ढकललं तर आवाज न करता भिंतीपर्यंत गेलं. ते बघून मिस्त्री जे समाधानाने निघाले ते थेट घरी. कपातल्या चहावर साय धरली होती.

"तुम्ही बोलावलं होतं कुणाला?" बायकोने विचारलं. "त्यांना, की दाराला?"

गावात नवीन माणसाला मिस्त्रींबद्दल काही सांगावं लागत नसे. चारशे पावलांवरून ते ओळखू यायचे. उंची सहा फूट आणि रुंदी जवळजवळ नाहीच. दोरीवर वाळत घातलेलं धोतर वाऱ्यावर आपणहून चालत निघालंय असं वाटे. त्यावर खाकी कोट, बारा महिने. कोटाला किती खिसे होते ते त्यांच्या बायकोलाही माहीत नसावं. आणि काखेत छत्री. ही छत्री पावसात कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती ऐकायची छत्री होती. दिघी ते आगरदांडा लाँचवर मिस्त्रींनी बारा वर्षं इंजिन चालवलं होतं, आणि आता वाड्यांना पाणी पाजणारी तेलाची इंजिनं दुरुस्त करत ते गावभर हिंडत. इंजिन धडधडत असताना छत्रीचं टोक त्याच्या अंगाला लावायचं आणि मूठ स्वतःच्या कानाला. डॉक्टर नळी लावतात तसं. मग डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळाने निदान व्हायचं: "दुसऱ्या वाल्वाला सर्दी हाय."

पण कानापेक्षाही त्यांचा भरवसा हातावर. "मास्तर, माझा डोळा वकिलासारखा हाय," ते म्हणत. "त्याला जे पाहिजे तेच बघतो. हाताला बोलता येत न्हाय, म्हणून मी त्याचं ऐकतो." जिथे काही घासत, टेकत, अडखळत असेल तिथे त्यांचा हात पोचायचाच, मग जागा कुठलीही असो. एकदा देवळात कीर्तन रंगात आलं होतं. द्रौपदी सभेत उभी, दुःशासनाने पदराला हात घातलेला, बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, आणि मिस्त्री उठले. गर्दीतून वाट काढत पुढे गेले, पेटीवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्याच्या बोटांमधून आपलं बोट घालून एक पट्टी वर उचलून बघायला लागले. बुवा थांबले. दुःशासन थांबला.

"काय झालं मिस्त्री?" बुवांनी विचारलं.

"ही पट्टी शेजारणीला चिकटत्ये," मिस्त्री म्हणाले. "चालू द्या तुमचं."

काय चालणार! द्रौपदीला त्या दिवशी पाव तास तसंच उभं राहावं लागलं. पण मिस्त्री उठल्यावर पेटी अशी वाजली, की बुवांनी पुढल्या वेळी कीर्तनाच्या आधीच त्यांना निरोप धाडला.

अशा माणसाच्या आयुष्यात विमान आलं ते आकाशातूनच आलं. एका सकाळी मुंबईचा एक पारशी तरुण, होमी त्याचं नाव, आपल्या छोट्या विमानातून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला होता. विमानाची एक तार तुटली म्हणून तो श्रीवर्धनच्या वाळूवर उतरला. अर्धं गाव धावलं. बाकीचं अर्धं घाबरून घरात बसलं. मिस्त्री चालत गेले, काही न विचारता विमानाच्या पोटात शिरले आणि लाँचच्या एका जुन्या तारेने त्यांनी ते काम असं करून दिलं, की होमीने त्यांना बक्षीस म्हणून हवेत नेलं. दिवेआगरपर्यंत जाऊन परत.

ते उतरले तेव्हा सगळ्या गावाने त्यांना घेरलं. वरून काय दिसलं? देऊळ केवढं दिसलं? समुद्राला पलीकडचा काठ आहे का?

"मी बघितलं न्हाय," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे? डोळे मिटले होते?"

"खाली बघत होतो. पायाशी. तो दांडा हलवतो आणि मागं शेपटीचं पातं हलतं. मधे कायकाय हाय, ते बघत होतो."

त्यानंतर ते दोन वर्षं वेगळेच झाले. होमीने मुंबईहून एका छोट्या, एकाच माणसाने बसायच्या विमानाचे नकाशे पाठवले, मोटारसायकलचं एक जुनं इंजिन पाठवलं, आणि चिठ्ठी पाठवली की मिस्त्री, तुम्ही बांधा, कागदपत्रांचं मी बघतो, आणि उडवणार पण मीच. नकाशांवरची इंग्रजी वाचून दाखवायला मला धरलं. सुपारी सुकवायच्या एका रिकाम्या खळ्यावर मांडव घातला. आणि लाकडाच्या कामाला बंदरावरचे कासमचाचा आले.

कासमचाचांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. कागदाकडे न बघता, नजरेने. ठेंगणे, रुंद, दाढीला मेंदी, आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाशी बोलतायत. नकाशा समोर धरला की ते तो उलटा करून बघत आणि म्हणत, "मास्तर, ही शेपटाला निमुळती होडीच हाय. हिला पाण्याचं भ्या न्हाय, एवढाच फरक."

रोज दुपारी त्यांची आणि मिस्त्रींची भांडणं ऐकणं हा माझा त्या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा आनंद. मिस्त्रींना सगळीकडे फट पाहिजे. हलणारी वस्तू आणि न हलणारी वस्तू यांच्यात निदान करंगळी गेली पाहिजे. चाचांना फट म्हणजे गुन्हा. एकदा चाचांनी सळईभोवतीचं भोक सुती दोरा आणि राळ घालून, वरून चुना लावून असं बंद केलं की सळई जागची हलेना.

"चाचा, हे काय केलंत?"

"भोक होतं. बुजवलं."

"ते ठेवलेलं होतं!"

"भोक कोण ठेवतो, म्हादू? तुझ्या बापानं ठेवलंन कधी?"

मिस्त्रींनी चाकूने दोरा काढला, चाचा दोन दिवस आले नाहीत, तिसऱ्या दिवशी चाचीने केलेले मांडे घेऊन आले, आणि पुढल्या भोकावरून पुन्हा सुरू. पण एवढं खरं की त्या दोघांच्या हातून जे तयार झालं ते देखणं झालं. पातळ सागवानी फळ्यांचं अंग, वर रोगण, दोन्ही बाजूंना कापडाचे पंख. गावाने त्याला 'इमान' म्हणायला सुरुवात केली आणि मिस्त्रींच्या हातातली तेलाची इंजिनं मागे पडली म्हणून शिव्याही द्यायला सुरुवात केली.

उडायचा दिवस ठरला तो शिमग्याच्या पौर्णिमेचा. कारण धार्मिक नव्हतं. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी सहाच्या सुमाराला पुरी ओहोटी लागते, वाळू लांबच लांब उघडी पडते आणि दगडासारखी घट्ट असते. तासाभरात पाणी परत फिरतं. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी आलेले. त्यामुळे त्या पहाटे किनाऱ्यावर जत्रा भरली होती. मामलेदार खुर्ची घेऊन आले होते. होमी आला होता, आणि त्याच्याबरोबर त्याची आई माणेकबाई. होमी दोन वर्षांत चांगला फुगला होता. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा. माणेकबाईंनी विमानाच्या नाकाला हार घातला, कुंकू लावलं आणि मिस्त्रींचा हात धरला.

"मिस्त्री, माझा एकच डिकरा हाय. तुमच्यावर सोडते."

 मिस्त्री मागे शेपटीकडे गेले. होमी आत बसला, दांडा पुढे-मागे करून बघितला. त्या वेळी मिस्त्रींनी शेपटीचं पातं दोन्ही हातांत हलकेच धरलं होतं.

आता एवढं सांगितलं पाहिजे. दांडा मागे ओढला की बसायच्या फळीखालून गेलेली एक लांब सळई मागे सरकते, शेपटीचं पातं वर उचललं जातं आणि विमान नाक वर करतं. दांडा अगदी पुरता ओढायची वेळ येते ती उतरताना, जमीन हातभर राहिली असताना. तेव्हा तो ओढला गेला नाही, तर नाक वाळूत जातं आणि आतला माणूस नाकाच्या मागोमाग.

"पुन्हा ओढा, शेठ," मिस्त्री म्हणाले.

होमीने ओढला.

"पुन्हा. पुरता."

होमीने पुरता ओढला. मिस्त्रींनी डोळे मिटले. मग त्यांनी होमीला उतरायला लावलं, स्वतः आत बसले, मला पातं धरायला सांगितलं आणि पाच-सहा वेळा दांडा ओढला. मला काही लागलं नाही. त्यांनी होमीला पुन्हा बसवलं, स्वतः पातं धरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाताला लागलं," ते म्हणाले. "शेवटाला. टिक करून."

"अरे मिस्त्री, मला तर कायपन लागत नाय," होमी म्हणाला. "साला लोण्यासारखा चालते दांडा."

"तुम्ही ओढताय, शेठ. मी धरलंय. ओढणाऱ्याला लागत न्हाय."

"मग वंगण-बिंगण बघा, तेल घाला," मामलेदार खुर्चीतून म्हणाले. "आम्ही चार वाजल्यापासून उठलोय."

"तेलाचं काम न्हाय, सायेब. कुठंतरी टेकतंय."

"टेकू दे की! उडल्यावर सुटंल!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. पाणी फिरलं होतं; लाटेची पांढरी कड शंभर पावलांवर आली होती. होमीने वर बघितलं, आकाश स्वच्छ होतं, वारा नावाला नव्हता. "मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "एवढी मानसं आली हाय. मी जाऊन येते पाच मिनिटात."

तेव्हा म्हादू मिस्त्रींनी माझ्या देखत, मामलेदारांच्या देखत, आख्ख्या तालुक्याच्या देखत, पुढे जाऊन पाना काढला, इंजिनाचा प्लग फिरवून बाहेर घेतला, रुमालाने पुसला आणि कोटाच्या एका खिशात टाकला. कुठल्या, ते कोणालाही कळलं नाही.

"आज न्हाय," ते म्हणाले.

जो काही हुर्यो झाला तो शिमग्याला साजेसाच होता. विमान ढकलत खळ्यावर नेईपर्यंत लोक मागून बोंबलत होते. पण मिस्त्रींना ते लागलं नसावं. त्यांना लागली ती खळ्यावरची गोष्ट. तिथे पोचल्यावर ते चाचांना म्हणाले, "चाचा, तुमच्या लाकडात काहीतरी टेकतंय."

कासमचाचांनी टोपी सारखी केली. "माझ्या लाकडात?"

"लोखंड तर मी सगळं बघितलं."

"म्हणजे तुझं लोखंड पाक, आणि माझं लाकूड नापाक? बरं झालं, सांगितलंस." आणि ते जे निघाले, ते त्या दिवशी मागे वळून बघितलंही नाही त्यांनी. या वेळी मांडे येणार नाहीत हे मलाही कळलं.

मिस्त्रींनी पुढले तीन दिवस खळ्यावर काढले. सळईला तेलात कालवलेला गेरू लावायचे, आत बसून दांडा ओढायचे, आणि उतरून लाल डाग कुठे उमटलाय ते शोधायचे. डाग कुठेच नाही. फट सगळीकडे करंगळीएवढी. होमी मुंबईला परत गेला होता. अमावास्येच्या ओहोटीला येतो म्हणाला होता. "पण मिस्त्री," जाताना तो म्हणाला होता, "तेव्हा पन तुमच्या हाताला लागला, आणि सापडला नाय, तर मग काय?" मिस्त्री सळईला गेरू लावत राहिले होते. मला मात्र एकदा ते म्हणाले, "मास्तर, कदाचित हातच म्हातारा झाला आसंल." त्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं बरं वाटलं नाही.

आणि चौथ्या दिवशी दुपारी सोंग आलं.

आमच्याकडे शिमग्यात गावाची खोडी सोंगातून काढतात. ज्याने वर्षभरात जे केलं असेल ते त्याच्याच दारात नाचून दाखवायचं, आणि त्याने हसून नारळ द्यायचा. रागावला तर पुढल्या वर्षी दुप्पट. त्या वर्षी सोंग कोणाचं निघणार हे सांगायला नको. बांबूचं विमान चौघांच्या खांद्यावर, सुपारीच्या झापांचे पंख. आतल्या फळीवर होमी म्हणून बसला होता देवळातला पांडू गुरव, ज्याच्यापुढे खरा होमी सुद्धा काडी वाटावा. डोक्यावर हॅट. पांडूच्या हातात एक काठी, काठीला सुंभ, सुंभ फळीखालून मागे गेलेला, आणि मागे सुपारीच्या विरीचं, म्हणजे झापाच्या बुडच्या रुंद सालाचं, शेपूट फडफडवायची सोय. विमानाबरोबर एक लांबुडका पोरगा खाकी पोत्याचा कोट घालून, काखेत छत्री घेऊन, दर दोन पावलांनी हात वर करून ओरडत होता, "थांबाऽऽ! हाताला लागलंऽऽ!" आणि सगळे गात होते:

"मिस्त्रीचं इमान बसलं रेतीत,
अंडी घालतंय भरतीच्या भीतीत!"

मिस्त्री ओटीवर बसून हसत होते. मनापासून हसत होते, मांडीवर थाप मारून. नारळ शेजारी काढून ठेवलेला.

"शेपूट हलव रे पांडू!" कोणीतरी ओरडलं.

पांडूने काठी ओढली. शेपूट हललं नाही. त्याने जोराने ओढली. नाही. मग तो वाकून मिस्त्रींना मुजरा करायला अर्धवट उठला, आणि शेपूट फाडकन वर उडालं. लोक हसले. पांडू खाली बसला. शेपूट ठप्प.

मिस्त्रींचं हसणं थांबलं. ते ओटीवरून उतरले.

"पांडू, ऊठ."

पांडू उठला. शेपूट हललं.

"बस."

बसला. अडकलं.

"ऊठ. बस. ऊठ. बस."

लोकांना वाटलं मिस्त्रीही सोंगात उतरले. ढोलकीवाल्याने त्या तालावर ठेका धरला. "ऊठ! बस! ऊठ! बस!" अख्खं अंगण ओरडायला लागलं, पांडू घामाने निथळला, विमान खांद्यावर घेतलेले चौघे 'आई गं' म्हणत खाली बसले, आणि म्हादू मिस्त्री गुडघ्यांवर येऊन त्या बांबूच्या विमानाच्या पोटाखाली मान घालून बघत होते. फळी पांडूच्या वजनाने वाकून सुंभावर बसत होती.

ते उठले तेव्हा त्यांनी पांडूचा हात धरला. "चल."

"कुठं?"

"खऱ्यात बसायला."

"मिस्त्री, मस्करी झाली ओ! दर शिमग्याला करतात!" पांडूने हात सोडवायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं त्याला आता शिक्षा म्हणून हवेत सोडणार. "माझी पूजा राहिल्ये! देव पारोसा हाय!"

सगळं सोंग त्याच्या मागून वाजतगाजत खळ्यावर आलं. मिस्त्रींनी बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला चुना फासला. सळईला जिथे सांधा होता, तिथल्या बोल्टाला गेरू लावला. मग पांडूला उचलून आत ठेवला. इंजिनात प्लग नाही हे त्याला तीनदा दाखवावं लागलं.

"ओढ दांडा. पुरता."

पांडूने डोळे घट्ट मिटून ओढला. मिस्त्रींनी पातं धरलं होतं. त्यांनी मान हलवली. पांडूला उतरवलं, फळी काढली आणि उलटी केली. पांढऱ्या चुन्यावर, बरोबर मध्यभागी, चिंचोक्याएवढा लाल ठिपका होता.

मिस्त्री काडीसारखे. ते बसले की फळी वाकायची नाही. आणि त्यांनी दर वेळी स्वतःच बसून बघितलं होतं.

कासमचाचांना बोलवायला मला पाठवलं. ते आले, पण मिस्त्रींकडे न बघता आले. फळी हातात घेऊन त्यांनी तो ठिपका बराच वेळ बघितला, अंगठ्याने पुसला, अंगठा बघितला.

"मास्तर," ते मला म्हणाले, "होडीतली बसायची फळी लवती ठेवायची असते. लाट आली की ती लवते, माणसाच्या कमरेला हिसका बसत न्हाय. माझ्या आब्बानं असंच शिकवलंन. फळीच्या खाली पाणी असतं. फळी टेकली तर पाण्याला टेकते, पाणी काय रडतंय?" मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाडीच्या अलीकडे राहिला. "हितं खाली पाणी न्हाय, ह्याचा ख्याल मी केला न्हाय. त्या बाईचा एकुलता पोर बसला होता ह्याच्यावर. सांग तुझ्या मिस्त्रीला, चूक माझी."

मिस्त्री तिथे चार हातांवर होते. पण ते ऐकत नव्हते. ते विमानाच्या पोटात डोकं घालून त्या सांध्याकडे बघत होते. बाहेर आले ते मला म्हणाले, "मास्तर, नकाशा काढा. ह्या सांध्याचा. बोल्टाचं डोकं कुठल्या अंगाला काढलंय?"

मी नकाशा उलगडला. डोकं वर होतं. नट खाली.

"माझा नट वर हाय," मिस्त्री म्हणाले.

ते दुःखाने म्हणाले. मला समजेना त्यात एवढं काय. मग त्यांनी बोट लावून दाखवलं. नट आणि त्यातून बाहेर आलेलं आट्याचं टोक मिळून बोल्टाच्या डोक्यापेक्षा अर्ध्या बोटाने उंच होतं.

"लाँचवर नट वरच ठेवतात. खाली काळं पाणी असतं, हात पोचत न्हाय. नट सुटला तर दिसला पाहिजे. बारा वर्षं हात तसाच चाललाय. नकाशात काय काढलंय ते बघितलंच न्हाय मी." ते चाचांकडे वळले. "चाचा, तुमची फळी लवली अर्धं बोट. माझा नट वर आला अर्धं बोट. नुसती तुमची फळी असती तर टेकली नसती. चूक माझी."

"फळी लवली म्हणून टेकली. चूक माझी."

"नट खाली असता तर फळी लवून काय करणार होती?"

"म्हादू, तुला सांगतोय ना, माझी!"

"न्हाय, चाचा!"

आणि दोघं जे पेटले! दोन वर्षांत फटीवरून भांडले नसतील इतके त्या दिवशी चूक आपल्या पदरात पाडून घ्यायला भांडले. सोंगवाल्यांनी ढोलकी खाली ठेवली. शेवटी पांडू गुरवच मधे पडला. "अर्धी-अर्धी घ्या आणि मला घरी सोडा," तो म्हणाला.

अर्धी-अर्धीच झाली. मिस्त्रींनी बोल्ट उलटवला: डोकं वर, नट खाली, आणि नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार खिळा. चाचांनी सागाच्या दोन वाकड्या फांद्या शोधून आणल्या, होडीच्या कडेला आतून घालतात तशा, आणि फळीला खालून दोन्ही बाजूंनी अशा आवळल्या की ती लवायचं विसरली. मग पुन्हा चुना, पुन्हा गेरू, पुन्हा पांडू. रोज. पांडूने अट घातली होती की बसायचं तर पोटभर खाऊन, त्यामुळे चाचीचे मांडे त्याच्यासाठी यायला लागले. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी त्याला फळीवर उड्या मारायला लावल्या. चुन्यावर डाग नाही.

होमी आला. अमावास्येला उडायला माणेकबाईंनी साफ नाही म्हटलं, म्हणून एक दिवस पुढे, पाडव्याच्या सकाळी ठरलं. ओहोटी थोडी उशिरा, पण वाळू तेवढीच. या वेळी मामलेदार आले नाहीत. चाकरमानी गेले होते. शे-दीडशे माणसं होती, आणि कोणी ओरडलं नाही.

मिस्त्रींनी बोल्टाच्या डोक्याला पुन्हा ओला गेरू लावला आणि होमी बसला. मिस्त्रींनी पातं धरलं. ओढायला लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग पातं सोडून खिशातून प्लग काढला.

विमान वाळूवरून धावलं, दोनदा उड्या मारल्यासारखं केलं आणि वर गेलं. लोकांनी माना वर केल्या. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते वर बघत नव्हते. ते वाळूत उकिडवे बसले होते, दोन्ही हात पुढे धरून, बोटं अर्धवट मिटून, पातं हातातच असल्यासारखे. कासमचाचा त्यांच्या शेजारी, पाण्याकडे पाठ करून, ओठ हलवत. माणेकबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. त्याच्या खुणा मला आठवडाभर पुरल्या.

होमी बंदरावरून वळला, गावावरून गेला, आणि किनाऱ्याच्या टोकाकडून खाली यायला लागला. वाळू हातभर राहिली. विमानाने नाक वर केलं, अलगद, पुरतं, आणि चाकं टेकली.

मग कसला धीर निघतोय! सगळे धावले. माणेकबाईंनी होमीला तो पुरता उतरायच्या आधीच मिठीत घेतलं. तुतारी कोणी आणली होती कळलं नाही, पण ती वाजली. गावाने आणलेला झेंडूचा हार घेऊन मी मिस्त्रींना शोधायला लागलो. गर्दीत नाहीत. चाचांजवळ नाहीत. मग विमानाकडे बघितलं. होमी उतरलेल्या जागेतून दोन पाय बाहेर आले होते. लांब, बारीक, तळव्यांना ओली वाळू. बाकीचे मिस्त्री डोक्याकडून फळीखाली गेले होते.

"मिस्त्री! हार घालायचाय! बाहेर या!"

"थांबा, मास्तर."

"लोक खोळंबलेत!"

"खोळंबू दे. काडी पेटवायला काय हाय का? आत दिसत न्हाय."

"पेट्रोल हाय तिथं, म्हादू!" कासमचाचा ओरडले, त्या खाडीपलीकडच्या आवाजात. "हात लाव! हात लावून बघ!"

आत लाकडावरून हात फिरल्याचा आवाज आला. तुतारी थांबली होती. माणेकबाई होमीला सोडून विमानाकडे बघत होत्या.

त्यानंतर मी म्हादू मिस्त्रींना पुष्कळदा भेटलो, माझी बदली होईपर्यंत जवळजवळ रोज. पण त्यांची आठवण काढली की मला त्यांचा चेहरा आधी दिसत नाही. ते दोन तळवे दिसतात. उजव्या पायाचा अंगठा एकदा ताठ झाला, मग सैल पडला, आणि आतून, लाकडाच्या पोटातून, दबलेला आवाज आला:

"फळी कोरडी हाय, चाचा. कुठंच लागत न्हाय."

हार माझ्या हातातून चाचांनी घेतला. कुठे घालायचा याचा त्यांनी क्षणभरच विचार केला असेल, मग तो त्या दोन पायांत घातला.